गिटारीतली ज्वारी

१

नांदूरघाटाच्या अलीकडं, माळाच्या उताराला एक घर होतं. घरात सुंदरबाई होती, सुंदरबाईचा जीवन होता आणि जीवनची ऋतुजा होती. गोठ्यात शेळ्या होत्या, रानात कापूस होता, भिंतीच्या खुंटीवर एक गिटार होती. सुंदरबाईला वाटायचं पोरानं रान बघावं. पोराला वाटायचं, एकदा तरी आपल्या हातून तो आवाज निघावा. अन् ऋतुजाला एवढंच वाटायचं की ह्या दोघांच्या ओढाताणीत आपला नवरा आपल्याला साबूत राहावा.

जीवन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सराई आली की आठ-आठ दिवस घराबाहेर. घरी असला तरी चुलीपाशी बसून मोबाइलवर जुन्या परदेशी गिटारी बघायचा. भाकरी थंड व्हायची, ह्याचं ध्यान तिकडंच.

"ही आपली बघ, नुसती फळी," तो ऋतुजाला सांगायचा. "भरीव. करंट दिला तर बोलती, न्हाईतर मुकी. जुन्यातली जी असती ना, ती आतून पोकळ. पन्नास-साठ वर्सं वाळलेलं लाकूड. करंट नसला तरी अंगातून बोलती. लोक जीव टाकतेत तिच्यासाठी."

"पोकळ म्हंजी घागरीसारखी?"

"घागर कुठं अन् ती कुठं!"

"पोकळच पायजे ना?" सुंदरबाई दारातून म्हणायची. "मग तुझ्याच टकुऱ्याला तारा लाव की. दुसरीकडं कशाला हुडकतो?"

तिघंही हसायची. तोवर घरात हसणं होतं.

२

बीडला एक बद्रीनाथ म्हणून होते. एके काळी त्यांचा ऑर्केस्ट्रा जिल्ह्यात गाजलेला. त्यांच्या घरी तसली गिटार पडून आहे, असं कुणीतरी जीवनला सांगितलं. ऋतुजाला बीडच्या बाजारातून पातळ घ्यायचं होतं, म्हणून तीही एस्टीनं बरोबर गेली.

बद्रीनाथांची बायको रुक्मिणीबाई. तिनं अडगळीच्या खोलीचं कुलूप काढलं, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. "त्या कोपऱ्यात बघा," म्हणाली.

गिटार भिंतीकडं तोंड करून उभी होती. जीवननं ती वळवली आणि बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली. मधे पिवळीधम्मक, कडंला जळकी तांबूस, नेमकी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी. तारांच्या दोन्ही बाजूंना दोन लांब वळणदार चिरा. त्या चिरांमधे कुणीतरी फडकी कोंबून बसवलेली.

तेवढ्यात बद्रीनाथच बाहेर आले. गोरेपान, अंगानं भरलेले, कपाळाला गंध.

"काय नेताय पाव्हणं?"

"गिटार, काका. तुमची."

"माझी?" ते हसले. परक्याच्या लेकराचं नाव विचारावं आणि ते कळलं तरी लक्षात ठेवू नये, तसं.

"सोडलंय त्यांनी ते समदं," रुक्मिणीबाई घाईनं म्हणाली. "आता लई चांगलं हाय बघा. सकाळी फिरून येतेत, भाजी आणतेत. घरात आवाज म्हणून न्हाई."

"काय द्यायचं काकू?"

"नेताय, हेच लई झालं."

ऋतुजाला वाटलं, मोठ्या घरची माणसं, मन मोठं. परतीच्या एस्टीत जीवननं गिटार मांडीवर आडवी धरली होती. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून त्यानं आपला रुमाल तिच्यावर पांघरला. स्वतःच्या डोक्यावर नाही.

३

घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते फडकी ओढून काढायचं. "ही कोंबली की आवाज दबतो," म्हणाला. फडकी निघता निघेनात. ऋतुजानं ती जमिनीवर मांडून पाहिली. एकाच सदऱ्याचे तुकडे होते ते. कॉलर होती, बाही होती, एका तुकड्याला गुंडीसुद्धा तशीच.

"चांगला सदरा फाडला की मेल्यांनी," सुंदरबाई म्हणाली. मग गिटारीकडं निरखून बघितलं. "आत रिकामी हाय का रं ही?"

"पोकळ हाय, आई."

"मग तशीच कशी ठेवलीस? ऋतुजा, चिमटभर ज्वारी घाल आत."

आता ही रीत त्या घरात पिढ्यान्‌पिढ्याची. नवं मडकं असो, डबा असो, घागर असो, रिकामं भांडं घरात ठेवायचं नाही. दाणे घालायचे, मग जाग्यावर ठेवायचं. ऋतुजानं कणगीतली ज्वारी घेतली आणि त्या चिरेतून आत सोडली.

"अगं, भांडं हाय का ते!" जीवन ओरडला. गिटार हलवली तर आत खुळखुळ. "लग्नात खुळखुळा वाजवू का आता?"

त्यानं उलटी करून झटकली. चार दाणे पडले, बाकीचे काही येईनात. सुंदरबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

थोड्या दिवसांनी ऋतुजा खोली झाडत होती. गिटार बाजूला ठेवायला उचलली आणि तिचा हात थांबला. खुळखुळ नाही. पुन्हा हलवली. आत काही नव्हतं.

"ज्वारी काढलीत का ओ तुमी?"

"म्या न्हाई. उंदरानं खाल्ली आसंल."

उंदीर खातो तिथं कोंडा सांडतो, लेंड्या टाकतो, वास सोडतो. तिनं खाली वाकून पाहिलं. जमीन स्वच्छ. मग तिनं मनाशी ठरवलं, मुंग्या. मुंग्या दाणा-दाणा नेतात, मागं काही ठेवत नाहीत. तिला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. आणि भांडं रिकामं नको म्हणून तिनं पुन्हा मूठभर घातली.

त्या दिवशी संध्याकाळी जीवननं अंगणात बसून वाजवलं. लाईट गेलेली होती, नुसती तार छेडली. विहिरीत हाक मारावी आणि विहिरीनं जरा विचार करून उत्तर द्यावं, तसा आवाज आला. शेळ्यांनी रवंथ थांबवली. सुंदरबाई तांदूळ निवडत होती, तिचाही हात सुपात थांबला.

जीवनचे डोळे भरून आले. "बघितलंस?" तो ऋतुजाला म्हणाला. "ज्वारी घातली ना, की लई गोड वाजती. जेवून बसल्यासारखी."

४

मग रोजच ज्वारी घालावी लागायला लागली. तोच आठवण करायचा. "घातली का गं?" आधी मूठ, मग ओंजळ. घातली की रात सरेस्तोवर खुळखुळ बंद. ऋतुजा उंदरांचं नाव घेईनाशी झाली, मुंग्यांचंही.

एकदा सुंदरबाईनं कणगीत हात घातला आणि सुनेकडं वळून बघितलं.

"माणसं वाढली का गं घरात?"

ऋतुजानं कणगीवर झाकण टाकलं. त्या दिवसापासून तिनं ज्वारी घालणं बंद केलं. नवऱ्यानं विचारलं की "घातली" म्हणायची. आपण कुणाला खोटं सांगतोय असं तिला वाटलंच नाही. लाकडाला काय भूक असती?

दुपारची वेळ. सुंदरबाई शेळ्यांमागं गेलेली, जीवन नांदूरघाटाला. ऋतुजा ओट्यावर शेंगा फोडत होती आणि आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक. एकसुरी. घशातल्या घशात कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

जीवन आल्यावर तिनं सांगितलं. तो हसला. "अगं, पोकळ गिटार तशीच करती. आवाज मोठा करायच्या डब्याजवळ राहिली की आपलाच आवाज आत घेती, पुन्हा सोडती, पुन्हा घेती. घुमत राहाती. त्याच्यासाठीच लोक फडकी कोंबतेत."

"पण डब्याचं बटण बंद हुतं."

"राहिलं आसंल चालू."

"लाईटच नव्हती गावात."

जीवननं गिटारीकडं पाहिलं, मग बायकोकडं. "वारं आसंल," म्हणाला.

त्या दिवशी वारं नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

५

फरक पहिल्यांदा बाजेनं दाखवला. जीवन बाजेवर बसला की सुंभ करकरायचा, लग्न झाल्यापासून ऋतुजा तो आवाज ऐकत आलेली. आता तो बसायचा, उठायचा, कूस वळायचा, आणि बाज गप.

खाणं मात्र वाढलेलं. चार भाकरी, पाच भाकरी. तोंड उतरलेलं नाही, दंड बारीक झालेले नाहीत. दिसायला होता तसाच. पण ओल्या अंगणातून चालत गेला की पावलं उमटायची नाहीत. शेळ्यांच्या कळपातून जायचा, तर एक शेळी बाजूला सरकायची नाही. तिथं कुणी नसल्यासारख्या उभ्या.

"ऊन लागलंय," नांदूरघाटाचा डॉक्टर म्हणाला आणि ताकदीची बाटली दिली.

एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता. ऋतुजानं त्याच्या छातीला कान लावला. ठोके होते. पण लांब, भिंतीपलीकडं कुणी कांडत असल्यासारखे. आणि तिनं श्वास सोडला तर तो श्वास तिला आतून परत ऐकू आला.

ती उठून बसली. पाणी प्याली. कान खाजवला. माणसाच्या छातीत पोकळी असतेच की, तिनं स्वतःला समजावलं, फुप्पुसं असतात, वारं भरतं. मग तिला ती पोकळ गिटार खुंटीवरून काढून ठेवावीशी वाटली. एका हातानं उचलायला गेली, तर उचलेना. दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले, तेव्हा कुठं खुंटीवरून सुटली. भरल्या घागरीएवढी जड.

पावसाळी हवा नव्हती. लाकूड ओल धरतं म्हणावं, तर माळावर पाण्याचा टिपूस नव्हता.

"अहो," तिनं त्याला हलवलं, "आपण ही परत देऊ."

जीवननं डोळे उघडले. "आता?" तो म्हणाला. "आता तर ती माझ्यासारखी बोलायला लागलीय, ऋतुजा."

६

सकाळच्या एस्टीनं ऋतुजा एकटीच बीडला गेली. सासूला सांगितलं, बहिणीकडं जाते.

रुक्मिणीबाईनं तिला ओळखलं, बसवलं आणि चहा टाकला. मागच्या अंगणात बद्रीनाथ झाडांना पाणी घालत होते. प्रत्येक आळ्यात सारखं पाणी, सारख्याच वेळानं.

"मावशी, काका कवापासून वाजवत न्हाईत?"

"चांगले झाले तवापासून."

"म्हंजी आधी वाईट हुते?"

"वाईट कशाला? लई हसवायचे. पण घरात नसायचे गं. घरात बसलेले असले तरी नसायचे. आता असतेत." तिनं कप पुढं सरकवला. "आतला कपडा काढला का तुमी?"

"पहिल्याच दिवशी."

रुक्मिणीबाईनं मागच्या अंगणाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्याच कोंबला हुता. त्यांचा आवडता सदरा. पुन्हा कधी मागितलाबी न्हाई त्यांनी."

"मावशी, माझा नवरा..."

"काही हुत न्हाई. समदं चांगलं हुतं." तिनं ऋतुजाचा हात धरला. रुक्मिणीबाईचा हात गार होता. "पहिलं-पहिलं परकं वाटतं. मग सवय लागती. माझ्या पोरांचे बंगले झाले, सोयरीकी झाल्या. तुझंबी हुईल."

बद्रीनाथ दारात येऊन उभे राहिले. हसरे, गंध ताजं.

"जेवून जा की बाई," ते म्हणाले. "जागा हाय."

ऋतुजा चहा तसाच टाकून उठली.

७

घरी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सुंदरबाई माळावर. जीवन बाजेवर झोपलेला, तोंडावर गमछा. ऋतुजानं त्याला हाक मारली नाही. सरळ कणगीकडं गेली.

तिला एवढंच कळत होतं: आपण ज्याला खाऊ घातलं, त्याला आपणच उपाशी ठेवलं. ज्यानं या घरचं खाल्लं, ते दुसरीकडं कुठं मागायला जाणार? सूपभर ज्वारी घेऊन ती आतल्या खोलीत आली, गिटार आडवी केली आणि ओंजळी-ओंजळीनं चिरेतून सोडू लागली.

पहिली ओंजळ पडल्याचा आवाज झाला नाही. दुसरीचाही नाही. सूप संपलं. एवढी ज्वारी त्या लाकडात मावायलाच नको होती.

मग आतून आवाज आला. गाणं नव्हे. लग्नाच्या मांडवात वाढपी पुढं सरकून गेल्यावर येतो तो. खूप जणांचा, खाली मान घालून खाण्याचा.

ऋतुजानं मोबाइलची बत्ती लावली. उजेड चिरेत टाकला आणि डोळा लावला.

आत जमीन होती. सारवलेली. शेणाच्या हाताची वळणंसुद्धा दिसत होती. त्या जमिनीवर पंगत बसलेली, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं. पंगत लांब होती, तिचं दुसरं टोक उजेडात येत नव्हतं. अलीकडून दुसऱ्या माणसाच्या अंगात सदरा नव्हता, उघडी पाठ, मणके मोजता येतील अशी. आणि सगळ्यात अलीकडं, चिरेच्या अगदी खाली, आमसुली सदरा घातलेला एक जण वाकून दोन्ही हातांनी खात होता. किती दिवसांचा उपाशी असावा तसा.

आमसुली सदरा तिनंच जीवनला घेतला होता, दिवाळीला.

तो खायचा थांबला. मान वळवायला लागला.

"काय बघतीस?"

आवाज मागून आला. ऋतुजा वळली. दारात जीवन उभा होता, उघडाबंब, गमछा खांद्यावर. दाराची चौकट भरून गेली होती.

"काय न्हाई," ती म्हणाली.

"मग ये की बाहेर. भूक लागली." आणि तो जाऊन बाजेवर बसला. सुंभ करकरला.

८

त्या दिवसापासून जीवन रानात जायला लागला. उजाडायच्या आत औत बाहेर. सुंदरबाईचे पाय धरून मग न्याहारी. ऑर्केस्ट्रावाल्यांचे फोन आले तर "जमत न्हाई" एवढं सांगून ठेवून द्यायचा. आमसुली सदरा कुठं गेला, विचारलं तर म्हणाला, "कोणता?" शेळ्या मात्र तो आला की गोठ्याच्या पार कोपऱ्याला एकीवर एक चढायच्या.

ऋतुजानं त्याला विचारून-विचारून पाहिलं. लग्नात कुणाची पगडी वाऱ्यानं उडाली? कोणत्या शेळीला जुळी झाली? आपण पहिल्यांदा भांडलो ते कशावरून? सगळं बरोबर सांगायचा, न अडखळता. जीवन असता तर आधी हसला असता, मग अर्धं चुकीचं सांगितलं असतं.

"तुम्हांला यांच्यात काही वेगळं वाटत न्हाई का, आत्या?"

"वाटतंय की!" सुंदरबाई म्हणाली. "देवानं ऐकलं वाटतंय. पोरगं माणसात आलं. तुला काय रडकाच नवरा पायजे हुता का?"

ऋतुजा दुपारी गुपचूप ज्वारी घालत राहिली. चिरेला डोळा लावायची हिंमत पुन्हा झाली नाही, पण ओठ लावून हळूच म्हणायची, "मी हाय इथं." तार आपोआप थरथरायची. कधी वाटायचं उत्तर आलं, कधी वाटायचं आपलाच श्वास.

अशात तेलगावचे विजयसिंह आले. मोठे जमीनदार, पुढारी माणूस, आणि नाद म्हटलं तर जुन्या गिटारींचा. बंगल्यात काचेच्या कपाटात एकेक जपून ठेवलेली. कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत त्यांनी ही ऐकलेली. ओट्यावर बसून त्यांनी ती मांडीवर घेतली, एकच तार ओढली आणि डोळे मिटले.

"आयुष्यभर हुडकत हुतो ह्या आवाजाला," ते म्हणाले. "लाकूड न्हाई ओ हे. माणूस हाय माणूस."

"घेऊन जा," जीवन म्हणाला.

"न्हाई!" ऋतुजानं पुढं होऊन गिटारीचा पट्टा धरला. "द्यायची न्हाई ती."

"येडी हाय का तू?" सुंदरबाई ओरडली. "पिडा चाललीय घरातली!"

ऋतुजाचा डोळा भिंतीशी टेकलेल्या मुसळाकडं गेला. एक घाव घातला की लाकूड फुटेल. फुटलं तर तो बाहेर येईल. की कुणीच येणार नाही? की सगळेच येतील, ती सबंध पंगत, सारवलेल्या जमिनीवरून उठून, आणि त्यात हा कोणता आणि तो कोणता? किंवा आत नुसते किडे पडलेले दाणे निघतील, आणि ऊन लागलं होतं ते आपल्यालाच.

जीवन तिच्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता, जड होता. इतक्या वर्षांत त्या हाताला तार सोडून तिच्याजवळ इतका वेळ थांबायला कधी जमलं नव्हतं.

"तुला पायजे तर ठेव," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पण मग रोज वाढावं लागंल. जलमभर. अन् तू नसशील तवा कोण वाढंल?"

तिनं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

पट्टा तिच्या मुठीत होता. पलीकडून विजयसिंह हलकेच ओढत होते. गिटारीतून आवाज निघाला, बारीक, एकसुरी, घशात धरून ठेवलेला. सगळ्यांनी ऐकला. विजयसिंहांच्या अंगावर काटा आला, आनंदानं.

ऋतुजाची मूठ सुटली.

९

मग त्या घराला चांगले दिवस आले. गिटारीवर खूष होऊन विजयसिंहांनी तेलगावाजवळचं पाण्याखालचं रान जीवनला कसायला दिलं, पुढं नावावरच करून दिलं. ऊस माणसाच्या वर गेला. जीवन कधी दमला नाही, कधी आजारी पडला नाही, कुणाशी आवाज चढवून बोलला नाही. सुंदरबाईची कंबर दुखायची थांबली. पक्कं घर झालं, दारात ट्रॅक्टर आला. माळावरच्या शेळ्या विकून टाकल्या, त्या दूधच देईनाशा झाल्या होत्या.

आणि ऋतुजाला दिवस गेले.

सातव्या महिन्यात सुंदरबाईनं गावाला जेवण घातलं, अंगणभर पंगत बसली. ऋतुजाला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली, बायांनी ओटी भरली. जीवन रानातून आला, हातपाय धुतले, आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं गुडघे टेकून बसला. पोटाला कान लावला. बाया हसायला लागल्या.

"काय म्हणतंय ओ लेकरू बापाला?"

तो बराच वेळ तसाच राहिला. ऋतुजा त्याच्या डोक्याकडं बघत होती. हात ठेवावा का, ते तिला ठरवता येईना.

त्यानं तोंड वर केलं. इतका सुखी चेहरा तिनं त्याचा कधीच पाहिला नव्हता, ना ह्याचा, ना त्याचा.

"बसलंय," तो म्हणाला. "छान मांडी घालून बसलंय."

सुंदरबाईनं डोळे पुसले आणि बायांच्या हातावर साखर ठेवत सुटली. असं ते घर सुखाला लागलं.